परक्या मढ्याची आई

सांगतो खरं, पण आधीच बजावून ठेवतो, यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. माझं काही अडलेलं नाही. कातऱ्या मात्र थांबवू नका. गोष्ट ऐकून मेंढ्या आपणहून लोकर उतरवून देत नाहीत.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता आपल्या थॉर्नवेलमध्ये चिखल असा माजला होता, की विगॉट कारभाऱ्याचा बैल इकडच्या बांधाला रुतला तो पलीकडच्या गावात शिंगं वर काढून निघाला. ज्याला खोटं वाटत असेल त्याने पलीकडच्या गावात जाऊन विचारावं. तिथे आता विचारायला कुणी उरलेलं नाही, नव्या राजाच्या घोडेस्वारांनी ते गाव चुलीसकट जाळलं, हा काही माझा दोष नव्हे.

तर त्या चिखलात लिओबा हातात बैल हाकायची पराणी घेऊन बैलांपुढे उलट्या पावली चालत होती. आठ बैलांचा नांगर. आठही बैल एका दावणीला असतील असं घर गावात नव्हतं. कुणाचा एक, कुणाचे दोन, असे जुंपायचे आणि सगळ्यांच्या शेताचे पट्टे आळीपाळीने नांगरायचे. ज्याचा बैल जुवाखाली नाही त्याच्या पट्ट्यात फाळ शिरत नाही, इतका साधा हिशेब. लिओबाचा एकच बैल होता, करडा. पुढून दुसरी जोडी, डावी बाजू. त्या एका बैलाच्या मानेवर तिचं सगळं घर उभं होतं.

पराणी खरी तिच्या मुलाची, ओस्मरची. पण तो सुगीनंतर शहराकडे नेला होता. नव्या राजाला शहरात किल्ला हवा होता आणि किल्ल्याला टेकडी हवी होती. तिथे टेकडी नव्हती. तुम्हाआम्हाला टेकडी नसली तर आपण सपाटीवर झोपडं बांधतो. या राजाने टेकडीच बांधायला काढली. वस्तीतली घरं पाडून जागा केली आणि गावोगावची जवान पोरं मातीच्या टोपल्या वाहायला धरून नेली. पेरणीपर्यंत परत पाठवू, असं सांगितलं होतं.

"वहिनी, पाय उचला जरा," मागून नांगराचं रुमणं धरलेला विगॉट ओरडला. "बैलांच्या आधी तुम्हीच बसाल असं दिसतंय."

"बसले तर माझ्यावरूनच नांगराचा तास घ्याल तुम्ही, भावजी."

"घेईन की. तास सरळ हवा त्यांना. मध्ये वहिनी आली म्हणून वाकडा चालायचा नाही."

दोघं हसले. विगॉट हा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. नवरा जुन्या धन्याच्या, ओर्मच्या, मागोमाग दक्षिणेतल्या लढाईला गेला आणि धन्यासकट तिथेच पडला. विगॉट गुडघा दुखतो म्हणून मागे राहिला होता. ओर्मच्या वेळी तो गावचा कारभारी होता आणि नवा धनी राऊल सरदार आल्यावरही कारभारीच राहिला. म्हणजे सगळं गाव उलटंपालटं झालं, विगॉटचा गुडघा तेवढा जागच्या जागी राहिला.

राऊल सरदाराला कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा दिवाण हॅमो सगळं बघायचा. या हॅमोचं नाक इतकं लांब होतं, की पाऊस लागला की छाती भिजायची पण हनुवटी कोरडी राहायची. आल्या आल्या त्याने ओढ्याला बांध घालून तळं केलं, तळ्यावर गिरणी उभी केली आणि घरोघरची जाती उचलून नेली. दळण आता सरदाराच्याच गिरणीवर, आणि दळणातला वाटा सरदाराचा. जात्यांचे दगड सरदाराच्या अंगणात फरशीसारखे बसवले. बेगारीला तिथून जाताना बायका आपापलं जातं ओळखायच्या आणि त्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जायच्या.

कुणी चोरून दळतं का, हे हुंगत फिरायला टिबो नावाचा, नव्या राजाबरोबर आलेला फ्रेंच शिपाई होता. एकदा तो लिओबाच्या घरात शिरला. तिने उखळीत मूठभर बार्ली कुटली होती. टिबोने तिच्या कमरेच्या फडक्यावरून बोट फिरवलं, ते चाटलं, आणि तिच्याकडे बघून हसला. मग चुलीवरचं पेजेचं भांडं उचलून जमिनीवर ओतलं. हळूहळू ओतलं, भांडं धुवावं तसं. ती पेज जमिनीत जिरेपर्यंत लिओबा तिथेच उभी होती. त्याचं बोट पोटाला लागलं होतं ती जागा तिने नंतर तीन वेळा धुतली.

थंडीच्या ऐन कडाक्यात हा टिबो नाहीसा झाला. हॅमोचा घोडाही नाहीसा झाला. हॅमो पाय आपटून म्हणाला, घोडा चोरून पळाला, समुद्रापलीकडे आपल्या आईकडे गेला असेल. गाव म्हणालं, हो सरकार, गेला असेल.

मग बर्फ वितळलं.

लिओबा त्या दिवशी लोकर धुवायला तळ्यावर गेली होती. पाणी असं गार, की हात बाहेर काढला तर आपला आहे की नाही हे चाचपून बघावं. पलीकडे बांधाजवळ काहीतरी पालथं तरंगत होतं. मेंढी असेल असं तिला वाटलं. मग त्या मेंढीला पाय दिसले. गिरणीवाल्याच्या फ्रेंच बायकोनेही त्याच वेळी खिडकीतून पाहिलं, आणि ती किंचाळत, चिखल उडवत हॅमोच्या वाड्याकडे पळाली. हॅमो शहरात होता, दुसऱ्या दिवशी येणार होता. गावाला जो काय वेळ मिळाला तो तेवढाच.

टिबोला कुणी मारलं? मला विचाराल तर कुणी नाही. त्या तळ्यात एक वाम होती, सापासारखा लांबडा मासा, नांगराच्या दांड्याएवढी जाड. तिनेच पायाला विळखा घालून ओढला. मी ती वाम पाहिली आहे. हॅमोला मात्र वाम दाखवून भागलं नसतं.

प्रेत हुना लोहाराच्या पडवीत आणलं. भात्याशेजारी फळी टाकून त्यावर ठेवलं. तोंडाला तोंड राहिलं नव्हतं. तळ्यातल्या माशांनी गाल, ओठ, नाक साफ केलं होतं. पण मान वळवली आणि सगळे मागे सरकले. मागून, कानाच्या वरपर्यंत, डोकं तासलेलं होतं. अशी मान फक्त फ्रेंचांची. आपली माणसं तेव्हा केस मानेवर रुळू द्यायची.

"फ्रेंच आहे," पाद्री एल्फसी म्हणाले आणि दाराबाहेर बघायला लागले.

कायदा नवा होता, पण पाठ सगळ्यांना होता. मेलेला माणूस फ्रेंच निघाला आणि मारेकरी हाती आला नाही, तर दंड सगळ्या गावावर. दंड असा, की गोठ्यातले सगळे बैल हाकून दिले तरी पुरा व्हायचा नाही. फक्त एक पळवाट होती. मेलेला आपल्यातलाच आहे, असं त्याच्या नात्यातल्यांनी शपथेवर सांगायचं. बापाकडचा एक, आईकडचा एक. मग तो कसा का मरेना, राजाला त्याचं काही नव्हतं. आपल्या माणसाच्या मरणाची किंमत तेवढी.

विगॉट प्रेताच्या टाळूवरच्या केसांकडे बघत होता. ओल्या पेंढ्याच्या रंगाचे केस, ओस्मरसारखेच. मग त्याने लिओबाच्या डोक्यावरच्या फडक्याकडे पाहिलं.

"नाही," लिओबा म्हणाली. अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

"वहिनी, ऐकून तरी घ्या."

"नाही म्हटलं ना. माझा मुलगा जिवंत आहे. जिवंत पोराच्या नावाने मी रडू?"

"रडायचं कशाला, नुसतं म्हणायचं. गावातून गेलेला आणि घरी नसलेला जवान पोरगा दुसरा कुणाचा आहे का? हुनाच्या तर पोरीच आहेत. म्हणायचं, ओस्मर किल्ल्याचं काम टाकून पळून आला, अंधारात बर्फावरून तळं ओलांडायला गेला आणि आत गेला. बापाकडून मी शपथ घेतो, आईकडून तुम्ही घ्या."

"आणि उद्या ओस्मर आला म्हणजे?"

"आला की मी स्वतः सभेत उठेन. म्हणेन, तोंड नव्हतं सरकार, ओळखण्यात चूक झाली. आईचं काळीज, घाबरली बिचारी. तोपर्यंत सगळं शिळं झालेलं असेल. त्या हॅमोला तरी कुठे रोज नवं मढं उकरायला वेळ आहे?"

"तुम्ही एकटे उठाल."

"सगळं गाव उठेल. काय रे?"

हुना लोहाराने भट्टीजवळ धार लावायला आणलेला नांगराचा फाळ उचलून ऐरणीवर ठेवला. विगॉटने त्यावर हात ठेवला. मग हुनाने, मग एकेकाने. विगॉटचा जावई टोकी सगळ्यांच्या मागे उभा होता, त्याने सगळ्यात शेवटी ठेवला आणि लगेच काढला. फाळ अजून कोमट होता. लिओबाने सगळ्यांचे हात बघितले. यातल्या एकूण एक हाताने तिच्या पट्ट्यात कधी ना कधी नांगर धरला होता.

"करड्याची शपथ घालते तुम्हाला," ती म्हणाली आणि डोक्यावरचं फडकं सोडलं.

लोकर कातरायच्या कातरीनेच तिचे केस कापले. हुनाची बायको कापत होती आणि मुसमुसत होती. लिओबा म्हणाली, "रडतेस काय, मेंढी तरी गप असते." लग्नानंतर तिचं डोकं नवऱ्याशिवाय कुणी उघडं पाहिलं नव्हतं. आता पडवीतले सगळे बाप्ये बघत होते, आणि बघत नसल्यासारखं करत होते. कानाला वारा लागला तेव्हा तिला कळलं की कान किती गार असतात.

चाकाला लावायचं डांबर आणि पाद्रीबाबांच्या मेणबत्तीचं मेण एकत्र तापवून प्रेताच्या मानेवर थापलं. त्यावर केसांच्या बटा एकेक करून बसवल्या. हे काम लिओबाने स्वतः केलं. ओस्मर लहान असताना त्याच्या डोक्यातल्या उवा ती अशीच मान मांडीवर घेऊन काढायची. तिने तो विचार ढकलून दिला. मग ओस्मरचा जुना अंगरखा घरून आणून त्या मढ्याला चढवला. काखेत ठिगळ होतं, तिनेच लावलेलं.

दुसऱ्या दिवशी ओकच्या झाडाखाली सभा बसली. हॅमो घोड्यावरून उतरला. त्याला आपली भाषा मोडकीतोडकी यायची. अडलं की पाद्रीबाबा सांगायचे.

"हा कोण?"

"माझा मुलगा," लिओबा म्हणाली. "ओस्मर."

"तोंड नाही. आई कशी ओळखते?"

"तुमच्या आईला विचारा, सरकार. ती कशी ओळखेल?"

पाद्रीबाबांनी याचं भाषांतर करताना काय केलं कोण जाणे, हॅमोने समजल्यासारखी मान हलवली. मग तो वाकला. नाक प्रेताच्या इतकं जवळ गेलं, की आता डांबराचा वास येणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याने मागची एक बट दोन बोटांत धरली आणि ओढली. बट हातात आली.

गाव श्वास घ्यायचं विसरलं. वर झाडावर कावळे होते, तेही गप झाले. मी म्हणतो म्हणजे झालेच.

लिओबा मढ्यावर पडली. "पाण्यात सडलंय हो!" ती ओरडली. "ओढू नका माझ्या लेकराला! जिवंतपणी ओढून नेलंत, आता तरी सोडा!" आणि तिला रडू आलं. आणायचं ठरलं नव्हतं. टिबोच्या थंडगार छातीवर, आपल्या मुलाच्या अंगरख्यात तोंड खुपसून ती अशी रडली, की विगॉटलाही डोळे पुसावे लागले. हॅमोने हात झटकला. बाईच्या आकांताला तो कंटाळला असावा.

शपथा झाल्या. मेलेला आपलाच ठरला. गाव सुटलं. बायका लिओबाच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

हॅमो घोड्यावर चढता चढता थांबला. "जमीन कुणाच्या नावे?"

"ओस्मरच्या, सरकार," विगॉट म्हणाला.

"मग मेला तो कूळ. कूळ मेलं, तर त्याचं सगळ्यात चांगलं जनावर सरदाराचं."

ओर्मच्या काळी विधवेच्या दावणीचं एकुलतं जनावर कुणी सोडून नेत नसे. लिओबाला वाटलं हा भलतंच काही बोलतोय. तिने पाद्रीबाबांकडे पाहिलं, पाद्रीबाबांनी पायाखालच्या गवताकडे. मग तिने विगॉटकडे पाहिलं.

"भावजी?"

"नवा नियम आहे, वहिनी."

"तुम्हाला माहीत होता?"

"त्या गडबडीत... डोक्यातच आलं नाही बघा."

कारभाऱ्याचं कामच ते. गावात कोंबडी मेली तरी तिचं पीस कुणाचं, हे विगॉटला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. शिपायांनी करड्याला नेला तेव्हा तो वाटेत दोनदा थांबला आणि मागे वळला. पराणी त्यांनी नेली नाही. ती लिओबाच्या हातातच राहिली.

पुढचं सगळं भराभर झालं. जुवाखाली बैल नाही, घरात पुरुष नाही, तर पट्टा पडीक ठेवायचा का? हॅमोने विचारलं आणि विगॉटने उत्तर दिलं. पट्टा टोकीकडे गेला.

"नावापुरता, वहिनी," विगॉट दारात उभा राहून म्हणाला. आत आला नाही. "ओस्मर येईपर्यंत. घरातल्या घरातच राहिलं ना? परका कुणी घुसला असता तर?"

"मी काय खायचं?"

"टोकीला खुरपणीला बाई लागेलच."

म्हणजे आपल्याच जमिनीत लिओबा खुरपायला जाऊ लागली. वाकड्या पात्याचा आकडा आणि पुढे दोन फाटे असलेली काठी घेऊन काटेरी गवत मुळाशी धरायचं आणि कापायचं, दिवसभर. ऊन चढलं तसे तिच्या कापलेल्या डोक्याचे खुंट टोचायला लागले. दुपारी टोकीची बायको, विगॉटची मुलगी, बांधावर मटारचा रस्सा आणायची. टोकीला वाडग्यात, लिओबाला झाकणात.

"वाडगं एकच आहे हो काकी," ती म्हणायची. रोज म्हणायची.

एके दुपारी टोकी पाय पसरून बसला होता. पायात नवे बूट. लिओबाने झाकण खाली ठेवलं.

"हे कातडं बैलाचं दिसत नाही, टोकी."

"मग कशाचं आहे?"

"केस बघ शिवणीत राहिलेत. तांबूस. बारीक."

टोकीने पाय आखडून घेतले. "गप खा, काकी. कातड्यातलं तुला काय कळतं?"

तिला कळलं होतं. हॅमोचा घोडा तांबूस होता. लिओबा झाकणातल्या रश्श्याकडे बघत राहिली. वाम नाही, बर्फ नाही, गावावर आकाशातून पडलेलं संकट नाही. टोकीने टिबोला बुडवलं होतं, घोडा सोलला होता, सासऱ्याने जावयाला वाचवलं होतं, आणि वर त्याला जमीनही मिळवून दिली होती. तिचे केस, तिचा बैल, तिचं रडणं, सगळं एका घराच्या कामी आलं होतं. फाळावर टोकीने शेवटी ठेवलेला हात तिला आठवला. रस्सा तिने संपवला. भूक होती.

खुरपणी संपत आली होती तेव्हा ओस्मर आला.

भर दुपारी आला, मोठ्या रस्त्याने, सगळ्यांच्या देखत. टोपल्या वाहून एक खांदा खाली गेला होता, त्यामुळे तो चालताना कुणीतरी त्याला एका बाजूने ओढतंय असं वाटायचं. दाढी वाढलेली, पायाला चिंध्या. सरदाराच्या जंगलात शिकार होऊ नये म्हणून त्या वर्षी गावातल्या कुत्र्यांच्या पुढच्या एका पायाची बोटं छाटली होती. त्यातलं त्याचं जुनं कुत्रं तीन पायांवर उड्या मारत, केकाटत त्याच्या अंगावर गेलं. गावात त्याला तेवढ्या एकाच जिवाने ओळखलं.

"हुनाकाका!" तो लोहाराच्या दारात थांबला. "पाणी द्या. काय म्हणते भट्टी?"

हुनाने घणावरून नजर काढली नाही. "कोण बाबा तू?"

"अहो मी ओस्मर! इतका का वाळलोय?"

"ओस्मर तळ्यात बुडाला. मीच खड्डा खणला."

ओस्मर हसला. गावाची ही जुनी खोड. शहरातून आलेल्याची थट्टा करायची. तो पुढे गेला. पुढच्या घराचं दार लागलं. त्याच्या पुढचंही. विहिरीवरच्या बायकांनी घागरी अर्ध्याच भरल्या आणि उचलल्या. आपल्या पट्ट्याशी पोचला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

लिओबाने आकडा टाकला. दोघांमध्ये गहू उभा होता, टोकीचा गहू. ती तो तुडवत सरळ गेली. तिने आधी त्याच्या मानेवर हात ठेवला. मागून, केसांच्या खाली. ऊबदार होती.

"आई, तुझे केस कुठे गेले?"

"सांगते," ती म्हणाली. "आधी बस. खाली बस."

संध्याकाळच्या आत विगॉट आला. या वेळी तो घरात आला, दार लावलं आणि आपला दुखरा गुडघा धरून बाकावर बसला.

"वहिनी, देवाने दिला परत. आता शहाणपणाने घ्या. तुमच्या बहिणीचा मुलगा म्हणा. नाव काहीतरी दुसरं ठेवू. टोकीकडे गडी म्हणून राहील, दोन्ही वेळचं खाईल."

"माझ्या शेतात गडी?" ओस्मर म्हणाला.

"अरे, नाव ते काय, वाऱ्यावर बोलायची गोष्ट."

"फाळावर हात ठेवला होतात, भावजी," लिओबा म्हणाली.

"ठेवला होता. पण तेव्हा कुठे माहीत होतं..."

"टोकीचे बूट कुठल्या घोड्याचे आहेत?"

विगॉटचा चेहरा पिठासारखा झाला. तो गुडघा चोळायला लागला. "तुम्ही बोललात तर टोकी फासावर जाईल. माझी पोरगी पोटुशी आहे. खोट्या शपथेपायी तुमचा हात जाईल, माझाही जाईल. गावाचे बैल जातील. हे सगळं कशासाठी? एका नावासाठी?"

"मी टोकीचं नाव घेणार नाही. बूटही काढणार नाही. एवढंच म्हणेन, हा माझा मुलगा आहे, मी चुकले. तुम्ही म्हणाला होतात तसं. त्यानंतर तुम्ही उठायचं. गावाने उठायचं. बोलला होतात तेवढंच मागते."

विगॉट उठला. दारापाशी म्हणाला, "बघतो."

सभेच्या दिवशी आकाश निरभ्र होतं. ओकखाली सगळं गाव बसलं होतं, हॅमो मधल्या दगडावर. लिओबा मुलाचा हात धरून मधोमध गेली. डोक्यावर फडकं नव्हतं. बोटभर वाढलेले केस उन्हात चमकत होते.

"सरकार," ती म्हणाली, "हा माझा मुलगा ओस्मर. त्या दिवशी तळ्यातला माणूस माझा नव्हता. तोंड नव्हतं, मी चुकले. माझी जमीन आणि माझा बैल मला द्या."

हॅमोने नाक खाजवलं. त्याने ओस्मरकडे पाहिलं, मग गावाकडे. "दुसरं कुणी ओळखतं याला?"

आणि ऐका आता. विगॉट उठला. दुखरा गुडघा धरून उठला आणि म्हणाला, "मी ओळखतो, सरकार. माझ्या भावाचा मुलगा." मग हुना लोहार उठला. मग पाद्रीबाबा, मग झाडून सगळे बाप्ये, मग बायका, मग म्हातारेकोतारे, काठ्या टेकत. सगळं गाव उभं राहिलं. एवढ्या माणसांच्या उठण्याने ओकची पानं हलली. हॅमोने असं कधी पाहिलं नव्हतं. त्याचं नाक, खोटं नाही सांगत, बोटभर आखडलं. त्याने शिपायाला खूण केली आणि शिपाई करड्याला दोरीने धरून घेऊन आला, आणि करडा लिओबाला बघताच असा हंबरला, की...

"खोटं."

कातऱ्यांचा आवाज थांबला. लोकरीच्या ढिगाशेजारी बसलेली पेगा बोलली होती, हुना लोहाराची थोरली लेक. दुपारभर ती एक अक्षर बोलली नव्हती.

"कुणी उठलं नाही," ती म्हणाली. "मी होते तिथे, बापाच्या शेजारी. विगॉट तेवढा उठला. उठून म्हणाला, 'सरकार, मुलगा गेल्यापासून वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही. रस्त्यावरच्या कुणालाही कवटाळते, आम्ही समजून घेतो.' हॅमोने बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. ओस्मरला दोघा शिपायांनी दंडाला धरून हद्दीकडे नेला, भटक्या म्हणून. तो ओरडलासुद्धा नाही. एकेकाचं तोंड बघत गेला."

तिने मांडीवरची मेंढी सोडून दिली. अर्धी कातरलेली मेंढी उठून तशीच उभी राहिली.

"आणि लिओबा आम्हाला हाका मारत होती. एकेकाचं नाव घेऊन, ओळीने, कुणाला वगळलं नाही. माझ्या बापाचं नाव शेवटी आलं. 'हुना, तू तरी.' तो नखातली काजळी काढत बसला होता. काढतच राहिला."